महापुरातला फॉरवर्ड: कधी धरायचा, कधी सोडायचा?

गंगावेसकर | १० जून, रात्री ९:१२

मंडळी, मृग लागला. या दिवसांत आमच्या कोल्हापूरच्या तालमीत दोन गोष्टी माळ्यावरून खाली येतात. एक म्हणजे दोरखंड आणि टायरच्या ट्यूबा, दुसरी ‘पूर मदत’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. पहिल्याबद्दल काही तक्रार नाही. दुसऱ्यासाठी हा धागा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत माझे गुडघे होडीत चढायच्या लायकीचे नव्हते, म्हणून मला आपत्ती कक्षाशेजारच्या टेबलावर बसवलं होतं. फेसबुक, ट्विटर, व्हॉट्सॲपवरून येणारे निरोप चाळायचे, खरे वाटतील ते वहीत उतरवायचे, वही आत द्यायची. तिथं बसून माझं एक मत पक्कं झालंय. आधी मत सांगतो, मग भांडा.

ज्या निरोपावर वेळ नाही आणि जो मिटल्याचं सांगायला कुणी बांधील नाही, तो पुढं ढकलायचा नाही. बातमी खरी असली तरी नाही.

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलंय. अफवांवर सगळेच बोलतात. माझ्या टेबलावर मात्र जास्त घोळ घातला तो खऱ्याच पण शिळ्या निरोपांनी. ‘आंबेवाडीत आठ जण छतावर, सोबत तान्हं बाळ, कृपया शेअर करा.’ सकाळी सातला कुणीतरी लिहिलं, एक अक्षर खोटं नाही. दहाच्या सुमाराला होडी गेली, माणसं सोनतळीला पोचली. निरोप काही थांबला नाही. दुपारी तो मुंबईत, तिथून कुणाच्या तरी पीएकडं, आणि रात्री ‘वरून फोन आलाय, ताबडतोब बघा’ असा होऊन परत आमच्याच टेबलावर. आता नाही कोण म्हणणार? अंधारात, ओढीच्या पाण्यात होडी परत निघते. खाली विजेच्या तारा, बुडालेली कुंपणं, काही दिसत नाही. आणि जिथं खरंच माणसं अडकलीत तिथं ती होडी नसते. होडीची फेरी किती महागात पडू शकते हे २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं बुडाली तेव्हा दिसलंय, वेगळं सांगायला नको.

तर यंदा ग्रुप चालू करायचा की नाही, आणि केला तर नियम काय, यावर बोला.

पाटकरी | १० जून, रात्री १०:०५

आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, आता पेन्शनीत आहे. गंगावेसकरांशी सहमत, आणि माझं जुनं दुखणं सांगून घेतो.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. प्रत्येकातून १४२८ क्युसेक. खात्याचा निरोप असा असतो: ‘दरवाजा क्रमांक ६ उघडला.’ दोन ग्रुप ओलांडले की त्याचं ‘६ दरवाजे उघडले’ होतं. म्हणजे १४२८ चे ८५६८ क्युसेक झाले, धरणात थेंबही न वाढता. ज्यानं ढकललं त्यात वाईट हेतू काही नाही, फक्त ‘क्रमांक’ गळला.

दुसरं, उघडल्याचा निरोप गावभर होतो आणि मिटल्याचा कुणीच पाठवत नाही. रात्री दोनला दरवाजा मिटलेला असतो आणि सकाळी आठला लोक ‘राधानगरी सोडलंय’ म्हणून दुकानातला माल माळ्यावर चढवत असतात.

आणि एकक बघत जावा रे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट साठा. ‘राधानगरीतून ८ टीएमसी सोडलं’ असा फॉरवर्ड मला माझ्याच मेहुण्यानं पाठवला होता. अख्ख्या धरणात मावतं साडेआठच्या आत!

रंकाळा_चौपाटी | १० जून, रात्री १०:२१

पाटकरीकाका, मग खरा आकडा बघायचा कुठं? आम्हाला सगळं ग्रुपवरच कळतं.

पाटकरी | १० जून, रात्री १०:४०

कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलसंपदा खात्याची रिअल टाइम यंत्रणा आहे, पाऊस आणि पातळी त्यावर येते. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ हे ॲप २०२३ पासून आहे. आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी जिल्हा प्रशासन रोज जाहीर करतंच, महापुरात तर दिवसातून बऱ्याचदा. इशारा ३९ फूट, धोका ४३. हे दोन आकडे कोल्हापुरात पोरंपण झोपेत सांगतील.

पण नुसती पातळी पुरत नाही. ‘पाणी ४५ फूट’ याला काही अर्थ नाही. चढतंय का उतरतंय? ४५ वर चढणारं पाणी असलं तर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीनं गाठोडं बांधायचं, उतरणारं असलं तर झाडू घ्यायचा.

एक उलटं उदाहरणही सांगतो, नाहीतर तुम्ही सगळ्यालाच अफवा म्हणायला लागाल. डिसेंबर २०२१ मध्ये राधानगरीच्या एका दरवाजाचं दुरुस्तीचं काम चालू असताना तो उघडा राहिला आणि ऐन थंडीत भोगावतीला पाणी आलं. आमच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर पहिला निरोप आला तेव्हा निम्म्यांनी हसायचे चेहरे टाकले. डिसेंबरात पूर? बातमी खरी होती. अशक्य वाटतं म्हणून खोटं ठरवायचं नसतं, विचारून ठरवायचं.

माहेर_चिखली | ११ जून, सकाळी ७:३०

मी पुण्यात असते, माहेर प्रयाग चिखली. तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला होता, मी या बाजूला होते. २०१९ ला दादाचा फोन लागायचा बंद झाला. घरात आई, वहिनी, दोन म्हशी. मी काय करणार होते? पन्नास ग्रुपांवर टाकलं. वेळ लिहायची असते हे सुचायला डोकं ठिकाणावर लागतं.

आणि आपत्ती कक्षाचा १०७७ नंबर सांगू नका. मी पुण्यातून १०७७ फिरवला आणि पुण्याच्याच कक्षात लागला. तिथल्या बाई बिचाऱ्या चांगल्या बोलल्या, पण त्यांना चिखली म्हटल्यावर पिंपरी-चिंचवडची चिखली वाटली!

गंगावेसकर | ११ जून, सकाळी ८:१५

ताई, तुमच्यावर बोट नाही. तुमच्यासारख्या बाहेरगावच्या लेकी-पोरांमुळंच आम्हाला निम्मी गावं कळली, कारण गावातले फोन बंद होते. उलट सगळी मांडणी तुमच्यासाठीच करायला हवी, पाण्यात बसलेल्या माणसासाठी नाही. तो टाइप करत नसतो.

तुमच्या पोस्टमधली एकेक गोष्ट सोन्यासारखी आहे.

१०७७ जिल्ह्याचा नंबर आहे. बाहेरून लावताना पुढं कोल्हापूरचा ०२३१ लावायला लागतो. हे दरवर्षी सांगतो, दरवर्षी नव्यानं सांगायला लागतं. नाहीच लागलं तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कक्षाचे साधे लँडलाइन नंबर असतात. ते आत्ता, कोरड्यात, कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा.

गावाची नावं. चिखली एकट्या आपल्या जिल्ह्यात दोन: करवीरची प्रयाग चिखली आणि कागलची. शिवाय शिराळ्याची, पुण्याची, बुलढाण्याची. शिरोली म्हटलं तर पुलाची का दुमाला? २०२१ ला सगळ्यात मोठी पंचाईत राजापूरची झाली, कारण त्याच आठवड्यात कोकणही बुडालं होतं. ‘राजापुरात पाणी शिरलं, होडी पाठवा.’ शिरोळचं राजापूर का रत्नागिरीचं? निरोप लिहिणाऱ्याला गावाच्या पुढं तालुका लिहायची गरजच वाटत नाही, कारण त्याच्यासाठी जगात राजापूर एकच असतं.

आणि लोकेशनचा पिन. ‘माझं करंट लोकेशन पाठवतोय, आईबाबा इथं अडकलेत.’ उघडून बघतोय तर पिन हडपसरला. बरोबरच आहे, फोन त्याच्या हातात आणि तो हडपसरला. करंट लोकेशन ज्याच्या हातात फोन त्याचं असतं. बाहेरगावच्यानं गूगल मॅपवर गावातलं घर शोधायचं, तिथं बोट दाबून धरायचं, आणि तो पिन पाठवायचा. जमत नसेल तर ‘मारुतीच्या देवळामागं, दुधाच्या डेअरीसमोर, पत्र्याचं निळं शेड’ असं लिहा. होडीतल्या पोरांना ते पिनापेक्षा लवकर कळतं.

खरं_बोलू_का | ११ जून, सकाळी ९:०२

एवढा सगळा उद्योग कशाला? पूर आला की सोशल मीडिया बंद करा, १०७७ आणि ११२ चालू ठेवा. १९८९ आणि २००५ चे पूर फेसबुक नसतानाच काढले की. प्रशासनानं व्हॉट्सॲप वाचत बसायचं का होड्या चालवायच्या?

डेटावाला | ११ जून, सकाळी ११:४४

मूळचा कळंब्याचा, सध्या सिंगापूर. पोटापाण्याला नकाशे आणि डेटा. @खरं_बोलू_का, बंद करून काय होतं ते तुर्कस्ताननं दाखवलं. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ढिगाऱ्याखालची माणसं फोनवरून आपला पत्ता टाकत होती, आणि ऐन बचावात ट्विटर काही तास अडवलं गेलं. लोक खवळले ते उगाच नाही.

पण ‘सगळे पोस्ट करा, बघू काय ते’ हाही मार्ग नाही. मला पटलेलं काम जकार्ताचं आहे. तिथं दर पावसाळ्यात पाणी भरतं आणि लोक ट्विटरवर ‘बंजिर’ म्हणजे पूर असं लिहीत बसायचे. तिथल्या शहर आपत्ती यंत्रणेसोबत पेटाजकार्ता नावाचा नकाशा केला. कुणी ‘बंजिर’ लिहिलं की यंत्रणा स्वतःहून त्याला उत्तर द्यायची: तुमच्याकडं पाणी आहे का? असेल तर ठिकाणासकट कळवा. तो कळवेल तेव्हाच नकाशावर ठिपका. तुम्ही काहीतरी लिहिलंत म्हणून ते खरं मानायचं नाही आणि खोटंही ठरवायचं नाही, उलट विचारायचं. पाटकरीकाकांनी वर तेच म्हटलंय. पुढं हेच पेटाबेंचाना नावानं इंडोनेशियाच्या इतर भागांत गेलं. तिथल्या संकटात अडकलेला माणूस चार प्रश्नांची उत्तरं देईल का, अशी शंका होती. देतात लोक. विचारणारा कुणीतरी आहे हे कळलं की देतात.

हैतीचं तर माहेर_चिखली ताईंनी वाचण्यासारखं आहे. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर ४६३६ या छोट्या नंबरवर लोक फुकट एसएमएस करत होते, त्यांच्या क्रेओल भाषेत. बाहेरच्या मदत पथकांना ओ की ठो कळत नव्हतं. परदेशात राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी रात्रंदिवस बसून ते भाषांतर केले, आणि गल्ल्या त्यांच्या पायाखालच्या असल्यामुळं नकाशावर ठिकाणंही लावली. तिथं नुसती शंभर ग्रुपांवर ढकलाढकल नव्हती, बाहेर असलेल्या माणसाला नेमकं काम दिलेलं होतं.

एक वाईट बातमीही. ट्विटरनं २०२३ मध्ये फुकटचा एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रणालींना तिथल्या पोस्ट घेता येण्याची सोय, बंद केला. त्यावर उभ्या असलेल्या असल्या कामांना त्याचा फटका बसला. दुसऱ्याच्या दुकानावर आपली पूरयंत्रणा बांधली की हे असं होतं.

खरं_बोलू_का | ११ जून, दुपारी १२:१०

जकार्ता, हैती. केरळ तरी सांगायचं होतंस.

डेटावाला | ११ जून, दुपारी १२:३२

सांगतो की. २०१८ ला केरळच्या आयटी मिशननं आणि आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेतल्या तिथल्या पोरांनी ‘केरळरेस्क्यू’ संकेतस्थळ उभं केलं. फेसबुकवर विखुरलेल्या मागण्या एका ठिकाणी. तिथंही एकाच कुटुंबासाठी दहा नातेवाईक दहा मागण्या टाकायचे. स्वयंसेवकांनी मग फोन फिरवून ‘अजून अडकलाय का, का सुटलात?’ हेच विचारलं. गंगावेसकरांची वही तीच, फक्त संगणकावर. आणि माणसं बाहेर काढली कुणी? सरकारी पथकांबरोबर मच्छीमारांनी, आपापल्या होड्या ट्रकावर घालून आणून.

कुरुंदवाडचा_पेढा | ११ जून, दुपारी ३:२०

सगळं वाचलं. शिरोळ तालुक्याबद्दल कुणी बोलंना म्हणून लिहितोय.

आमच्यात पाणी शहरासारखं येत नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, वर सांगलीकडनं कृष्णा-वारणा, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा आहे का नाही यावर दोन राज्यांची भांडणं. कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं की तुमच्या स्टोऱ्यांवर ‘आता बरं आहे’ सुरू होतं, त्या वेळी आमच्यात चढत असतं. आणि राहतंही जास्त दिवस.

वीज पहिल्या दिवशी गेली. टॉवर बॅटरीवर, मग डिझेलवर, डिझेल संपलं की बंद. डिझेल आणायला रस्ता नाही. तिथनं पुढं आमच्या गावाचा एकपण मेसेज नाही. आणि शहरात बसलेल्याला वाटतं, शिरोळवाले शांत आहेत म्हणजे बरं असणार.

म्हणून माझी दुरुस्ती अशी. निरोपाला वेळ पाहिजे हे मान्य. पण वहीत आणखी एक पान ठेवा: ज्या गावाचा काल रात्रीपासून निरोपच नाही त्या गावांचं पान. जो ओरडतोय त्याच्याकडं निदान चार्जिंग आहे. नागाळा पार्कात तळमजल्यावर पाणी आलं की शंभर फोटो येतात, खिद्रापुरातनं एक येत नाही. फोटो मोजून होड्या वाटल्या तर होड्या कुठं जाणार ते तुम्हीच सांगा.

गंगावेसकर | ११ जून, दुपारी ४:००

पेढेवाले, हे पान शंभर टक्के ठेवणार. गावांची यादी आधीच छापून भिंतीला लावायची, शेवटचा निरोप कधी आला त्याची वेळ पेन्सिलीनं समोर लिहायची. रिकामी राहिलेली गावं दर सहा तासांनी आत कळवायची. तलाठी, पोलीस पाटील, ग्रामसेवक, ज्याचा लागेल त्याचा फोन.

वाडीकर | ११ जून, सायंकाळी ५:१५

नृसिंहवाडीचा आहे, एक गमतीची पण डोकेदुखीची गोष्ट. दरवर्षी पाणी चढलं की आमच्याकडं दक्षिणद्वार सोहळा होतो. मंदिरात एका दारानं पाणी येतं, पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर जातं, लोक लांबलांबून स्नानाला येतात. आनंदाचा दिवस असतो. कोणीतरी त्याचा व्हिडिओ ‘वाडीत हाहाकार, मंदिर पाण्याखाली, लोक वाहून चालले’ असा टाकतो. बघणारा नागपूरचा असला तर त्याला काय कळणार ते लोक डुबक्या मारायलेत का बुडायलेत? मग आम्हाला दिवसभर फोन.

उलटंही होतं. सोहळ्याचा जुना व्हिडिओ ‘आजचा’ म्हणून फिरतो आणि भाविक गाड्या काढून निघतात, ज्या दिवशी खरोखर पाणी धोक्याचं असतं त्या दिवशी.

उपसंपादक_रात्रपाळी | ११ जून, रात्री ११:५०

पेपरात असतो, पुराच्या रात्री असले व्हिडिओ चाळणं हाच धंदा. थोडं व्यवहारातलं सांगतो.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोची मूळ तारीख, ठिकाण ही माहिती वाटेत निघून जाते. त्यामुळं फोटो ‘आजचा’ हे फोटोवरून सिद्ध होत नाही. खरंच पुरावा हवा असेल तर पाठवणाऱ्याला तो फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग माहिती टिकते. फॉरवर्डवर दोन बाणांचं चिन्ह असलं, म्हणजे तो खूप वेळा ढकललेला आहे, तर तो तुमच्या मित्रानं काढलेला नाही हे नक्की. गूगल लेन्समध्ये टाकून बघा, जुना असला की बहुतेक वेळा सापडतो.

आपल्याकडचा ठरलेला जुना माल म्हणजे शिरोलीजवळ बुडालेला हायवे. २०१९ ला बुडाला, २०२१ ला परत बुडाला, आणि दोन्हीचे व्हिडिओ आता दरवर्षी उगवतात. २०२४ च्या जुलैत पाणी ४७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हाही ५५-५६ फुटांचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून आले. मी काय बघतो? कडेच्या होर्डिंगवर कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. कोल्हापुरात होर्डिंगाशिवाय रस्ता नाही, आणि वाढदिवसाला तारीख असते. पुढाऱ्यांचा एवढा एक उपयोग.

अमेरिकेतही हेच. पुराच्या रस्त्यावर पोहणारा शार्क २०११ पासून दर वादळात येतो. २०१२ चं सँडी, २०१७ चं हार्वी, शार्क तोच. आपल्याकडं शार्कच्या जागी मगर असते. पण जपून, पंचगंगेत आणि कृष्णेत खरोखरच मगरी आहेत, त्यामुळं मगरीची प्रत्येक बातमी फेटाळूही नका.

काळा_कोट | १२ जून, सकाळी १०:१०

ग्रुप ॲडमिनसाठी. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५४: आपत्तीबद्दल किंवा तिच्या तीव्रतेबद्दल खोटा इशारा देऊन घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. ‘धरण फुटलं’ हा मेसेज बरोबर यात बसतो. काही जण अजून माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६अ ची भीती घालतात, ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच रद्द केलंय.

कायद्याच्या भीतीनं कुणी अडकलेल्या माणसाचा निरोपच दाबून ठेवू नये मात्र. जसा आला तसा, कुणाकडून आला ते सांगून, कक्षाला कळवणं हा गुन्हा नाही. पब्लिक ग्रुपवर ढकलणं आणि कक्षाला कळवणं यात फरक आहे, एवढंच.

माहेर_चिखली | १२ जून, सकाळी १०:४५

हा फरक मला तेव्हा कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. त्या मेसेजमध्ये वहिनीचा नंबर होता. आई आणि वहिनी दुसऱ्या दिवशी सुखरूप निघाल्या. वहिनीला फोन मात्र दिवाळीपर्यंत येत होते. मदत करणारे, चौकशी करणारे, आणि रात्री अपरात्री भलतंच बोलणारे. शेवटी तिनं नंबर बदलला. बाईचा नंबर, घरात कोण कोण आहे, कुलूप लावून गेलेत का, हे सगळं आपण जगाला वाटत असतो.

गंगावेसकर | १२ जून, सकाळी ११:०५

हे नियमात जाणार. नंबर फक्त कक्षाला आणि होडीवाल्याला. ग्रुपवर निरोप टाकायचा तो निरोप देणाऱ्याच्या, म्हणजे बाहेर कोरड्यात असलेल्याच्या नंबरानं. पाण्यातल्याच्या फोनची बॅटरी चौकशा करणाऱ्यांनी संपवायची नाही.

ट्रक_घेऊन_आलो | १२ जून, दुपारी १:३०

मदतीचं पण बोला. २०१९ ला आम्ही साताऱ्यातनं गाडी भरून आलो. सगळ्या पोस्टवर एकच गाव. पोचलो तर आमच्या आधी गाड्यांची रांग, देवळात जुन्या कपड्यांचा ढीग, त्यावर पाऊस पडतोय. चार मैल आतल्या गावाला पाण्याची बाटली नाही. ‘इथं मदत पुरे झाली, पुढं जा’ अशी एक पोस्ट कुणी टाकली असती तर?

पाटकरी | १२ जून, दुपारी १:४५

मिटलेला दरवाजा कुणी कळवत नाही म्हटलं ना, त्यातलीच ही गत.

गंगावेसकर | १३ जून, रात्री ८:३०

काल तालमीत बसलो. ठरलं ते असं.

ग्रुप चालू राहणार, पण लिहिणारे मोजकेच. बाकीच्यांना वाचता येईल, कळवायचं असेल त्यांनी त्या मोजक्यांपैकी एकाला वैयक्तिक कळवायचं. निरोपाचा नमुना पाटीवर लिहून फोटो काढलाय, हा बघा:

‘२४ जुलै, सकाळी ७:१०. प्रयाग चिखली, ता. करवीर. मारुतीच्या देवळामागं, माडीवर. माणसं ४, त्यात १ आजारी. पाणी चढतंय. कळवलं: पुण्याची मुलगी, तिचं गावाशी शेवटचं बोलणं ६:४० ला. कक्षाला दिलं: ७:१५. स्थिती: बाकी.’

होडी पोचली की त्याच निरोपाला उत्तर देऊन ‘मिटलं, वेळ अमुक’ लिहायचं आणि मूळ निरोप सगळ्यांसाठी काढून टाकायचा. वही कागदाची, तीत मात्र राहणार. सहा तास कुणी ताजं केलं नाही तर निरोप ‘तपासा’ मध्ये जातो, आपोआप रद्द होत नाही. यावर दोन तास वाद झाला. मी रद्दच्या बाजूनं होतो, पेढेवाल्यांचा मुद्दा आठवून पोरांनी मला हाणून पाडलं: फोन बंद झाला म्हणूनच ताजं झालं नसेल तर?

कुरुंदवाडचा_पेढा | १३ जून, रात्री ८:५२

पोरं शहाणी आहेत. नमुन्यात जनावरं कुठं आहेत? आमच्यात निम्मी माणसं होडी दारात आली तरी निघत नाहीत, कारण गोठ्यात म्हसरं असतात. होडी रिकामी परत जाते, आणि रात्री त्याच घरचा परत मेसेज. ‘जनावरं ३, माणसं निघायला तयार आहेत का नाही’ हे पहिल्याच निरोपात पाहिजे. म्हसरं पाणी यायच्या आधी हलवायची असतात, तो निरोप दोन दिवस आधीचा.

गंगावेसकर | १३ जून, रात्री ९:००

घातलं. पाटी पुसून परत लिहितो.

डेटावाला | १३ जून, रात्री ९:१८

नेट गेलं तर काय? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं (एनडीएमए) ‘सचेत’ ॲप सगळ्यांनी घेऊन ठेवा. २०२३ ला एकदम सगळ्यांचे फोन बोंबलले होते आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती, टॉवर जिवंत असेल तर तो इशारा नेटशिवाय येतो. पण तो वरून खाली. खालून वर काय?

गंगावेसकर | १३ जून, रात्री ९:३५

साधा एसएमएस. नेट मेलं तरी बऱ्याचदा तो जातो. नमुना म्हणूनच आखूड ठेवलाय. तेही नसेल तर निरोप घेऊन माणूस.

एकच अडचण राहिली: ‘मिटलं’ लिहिणारा. दिवसा माणसं आहेत. रात्री बारा ते सहा कोण बसणार? गेल्या वेळी त्याच तासांत सगळे शिळे निरोप जिवंत झाले होते.

मागवाला_इचलकरंजी | १३ जून, रात्री ९:५०

माझं नाव लिहा. मागावर रात्रपाळीची सवय आहे. फक्त आमच्याकडंच पाणी आलं तर दुसरा बघून ठेवा.

गंगावेसकर | १३ जून, रात्री ९:५८

लिहिलं. दुसरा म्हणून खरं_बोलू_का यांचं नाव घालतोय, त्यांना रात्री झोप येत नाही असं त्यांनीच मागच्या धाग्यात लिहिलं होतं. हरकत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, रविवारी वहीवर नावं पक्की करायचीत.